सात नंबरची बाही

माणसांचं माप घेता घेता मास्तरांचं वय साठीला टेकलं, आणि मग एक दिवस समुद्रानेच त्यांच्याकडे कापड टाकलं.

त्याचं असं झालं. तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानांनी त्यांचं गिऱ्हाईक एकेक करून पळवलं. मास्तरांच्या वाट्याला उरली पँटची चेन, बाईच्या झग्याची उसवलेली कूस आणि वर्षातून एकदा शाळेच्या गणवेशांचं घाऊक काम. त्यांची भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, बंदराजवळच्या सागर संशोधनाच्या कार्यालयात होती. तिला कापडाच्या नळ्या शिवून हव्या होत्या, आणि शहरातला एकही कारखाना बारा नळ्यांसाठी मशीन सुरू करायला तयार नव्हता. तिने मामाला विचारलं. मामाने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, समुद्राची छाती किती, कंबर किती?

नळी सहा मीटर लांब, आत माणूस उभा राहील इतकी रुंद, दोन्ही तोंडं उघडी. मध्ये मध्ये तारेच्या कड्या, अंगाला ताटाएवढी भोकं. ही पाण्यात खोल लोंबत राहायची, आणि तिच्या दोराला वर बांधलेला चेंडूएवढा बोया पाण्यावर डुलत राहायचा. बोयाच्या पोटात यंत्र. ते तासातासाला आकाशातल्या उपग्रहाला सांगायचं, मी इथे आहे, आता इथे आहे. कागदोपत्री त्या नळीला लांबलचक नाव होतं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिला बाही म्हटलं. महिन्याभरात डॉक्टरेट केलेली माणसंही बाही म्हणायला लागली.

बाही कशाला, हे भाचीने त्यांना समजावलं होतं. नुसता बोया पाण्यावर सोडला तर तो वाऱ्याचा नोकर. वारा नेईल तिकडे पळणार. खाली बाही असली की ती पाण्याला मिठी मारते, मग वरून कितीही वारा सुटो, बोया पाण्याबरोबरच चालतो. पाणी कुठे जातं हे ज्याला जाणून घ्यायचं आहे, त्याचा सगळा भरवसा त्या खालच्या कापडावर. मास्तरांना हे इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी मामींना, म्हणजे आपल्या बायकोला, दोनदा सांगितलं. मामी म्हणाल्या, मग आमचंही तसंच आहे की, वर तुम्ही डुलताय आणि खाली पाण्यात मी.

कार्यालयाच्या मागच्या अंगाला एक लांबोडकी खोली होती. तिथे दोरखंडाची वेटोळी, गंजलेले नांगर, रंगाचे डबे, आणि खिडकीशी मास्तरांचं शिलाई मशीन. शेजारी टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात बटणं, हूक, खडू आणि बॉबिनी. मशीन चालू झालं की मास्तर गुणगुणायचे. आईचं गाणं होतं ते. ती माउली गोधडी शिवताना म्हणायची, आणि पोरगा तिच्या मांडीशी बसून सुईत दोरा ओवून द्यायचा.

वरला गं दोरा मिरवतो बाई,
खालच्याची कुणा सय नाही.
खालचा गं दोरा निसटून जाई,
वरल्याचा पाड काय राही?

पन्नास वर्षं म्हटलेलं गाणं. इतकं ओठावर बसलेलं की त्यातले शब्द आता त्यांना ऐकूही येत नसत.

*

बारा बोये समुद्रात सोडले त्याला आज नववा दिवस. मंगळवार. गुरुवारी मोठी बैठक होती, आणि त्या बैठकीत भाचीच्या तीन वर्षांच्या कामाचा निकाल लागणार होता.

गोष्ट एका नळाची होती. शहर वाढलं, तसं शहराचं सांडपाणीही वाढलं. ते वाहून नेणारा एक भला मोठा नळ समुद्राच्या तळावरून दूरवर न्यायचा असं नगरपालिकेने ठरवलं होतं. किनाऱ्यापासून जमीन एकदम बुडत नाही. पाण्याखाली ती ओट्यासारखी पसरलेली असते, वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत. शाळेच्या पुस्तकात तिला समुद्रबूड जमीन म्हणतात. ओटा संपला की खाली अंधार आणि दरी. नळाचं तोंड त्या ओट्याच्या कडेशी ठेवायचं, म्हणजे घाण परस्पर दरीत जाईल आणि आपल्याला तिचं तोंड पाहावं लागणार नाही, असा हिशोब होता.

भाची म्हणत होती, येईल, परत येईल. ओट्याच्या कडेकडेने एक मोठा प्रवाह वाहतो. वाहता वाहता त्याच्या अंगातून भोवरे सुटतात, पन्नास-पन्नास किलोमीटर रुंद, महिना महिना फिरत राहणारे. त्यांच्या एका अंगाने ओट्यावरचं पाणी दरीकडे ओढलं जातं, आणि दुसऱ्या अंगाने कडेचं पाणी ओट्यावर चढून आत येतं, थेट मासे अंडी घालतात त्या उथळ जागेपर्यंत. मास्तरांनी हे ऐकून थोडा वेळ विचार केला होता आणि म्हणाले होते, घेरदार झगा घालून पोर गिरकी घेते, तेव्हा घेराखाली जमिनीवरचा कचरा गोळा होऊन येतो, तसं? भाचीने तेव्हा हातातला चहा खाली ठेवला आणि वहीत लिहून घेतलं. पुढे प्रत्येक भाषणात ती घेराचा दाखला द्यायची.

पण उपग्रहाच्या चित्रात समुद्राची फक्त त्वचा दिसते. पाणी खरंच आत येतं का, हे दाखवायला कुणीतरी पाण्याचं बोट धरून चालायला हवं होतं. त्यासाठी हे बारा बोये ओट्याच्या कडेवर सोडलेले.

आणि बाराच्या बारा दोन दिवस छान वळले होते. मग तिसऱ्या दिवसापासून एकामागून एक सरळ बाहेर निघाले, खोल समुद्राकडे. चार नंबर आधी, मग नऊ, मग दोन. एकटा सात नंबर मागे राहिला. तो आपला रमतगमत वाटोळा फिरत ओट्यावर चढत होता.

मास्तरांनी तो नकाशा भाचीच्या टेबलामागे उभं राहून पाहिला होता. अकरा रेषा धावदोऱ्यासारख्या सरळ, आणि एक रेषा काजासारखी गोल. भाची पडद्याकडे बघत होती, पण काही पाहत नव्हती. तिचे केस दोन दिवस विंचरलेले नव्हते. मास्तरांना तिची पाच वर्षांची मूर्ती आठवली. खेळात हरली की ती रडायची नाही, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

साहेबांनी निकाल देऊनही टाकला होता. कार्यालयाच्या प्रमुखांना सगळे बरोमीटर म्हणत, कारण त्यांचा चेहरा पाहिला की दिवस कसा जाणार ते कळायचं. माणूस कडक, पण खोटा नव्हता. ते म्हणाले होते, अकरा एकीकडे आणि एक एकीकडे असला तर बिघडलेला कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सात नंबर कुठल्यातरी जाळ्यात अडकलेला दिसतो. तो वगळा. पाणी बाहेर जातं, असं लिहा. भाचीने लिहायला घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हळूच असंही म्हणालं होतं की नात्यातल्या माणसाला काम दिलं की निदान एक तरी नग वाकडा निघायचाच. मास्तरांच्या कानावर ते आलं. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं, आणि त्या दिवशी गाणं काही म्हटलं नाही.

*

त्या मंगळवारी सकाळी ओहोटी आला. ओहोटी हा कार्यालयाचा होडीवाला. त्याच्यापुढे काहीही ठेवा, चहा असो, बिस्किटं असोत, बघता बघता आटायचं, म्हणून हे नाव. बोये त्यानेच होडीतून नेऊन सोडले होते. आता त्याच्या काखोटीला एक बोया होता, पांढरा, आणि त्यावर निळ्या रंगात चारचा आकडा.

खोल समुद्रातल्या मच्छीमारांना सापडला होता तो. त्यांनी होडीवाल्याला दिला, होडीवाल्याने तो वर साहेबांकडे न नेता मास्तरांकडे आणला, कारण वर चहा मिळत नाही. खुर्चीत टेकत तो म्हणाला की बाही काही नव्हती हो याला, पोरं म्हणत होती नुसताच टणाटण उड्या मारत चालला होता वाऱ्यावर. वारा तरी काय मेला, आठ दिवस झाले जमिनीवरून समुद्राकडे पळतोय. आमच्या हिची ओढणी गेली परवा.

मामींची उशीची खोळही गेली होती. मास्तर हसले. मग त्यांनी दोराचं टोक हातात घेतलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

दोराच्या टोकाला बाहीची वरची कडी शाबूत होती. सगळा भार याच कडीवर येतो. कडीभोवती कापडाची चार बोटं रुंद पट्टी दुमडून त्यांनी स्वतः शिवलेली. पट्टी जागेवर होती. तिला जोडलेली बाही मात्र नव्हती. पट्टीच्या कडेने सुईची भोकं दिसत होती, एकसारखी, बारीक, त्यांच्याच हाताची. कापड कुठे फाटलं नव्हतं. माशाने चावलं नव्हतं, खडकाने कापलं नव्हतं. भोकांमधून काळा दोरा लोंबत होता, अख्खा, नायलॉनचा, एवढा धड की त्याने अजून एक बाही शिवता आली असती.

वरचा दोरा होता. खालचा नव्हता.

मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. एक वरून सुईतून येतो, दुसरा खालून बॉबिनीतून. दोघं कापडाच्या पोटात एकमेकांना अडकवतात, तेव्हा शिवण बसते. एक गेला की दुसरा कितीही पैलवान असला तरी सरसर निघून येतो. हे शिंप्याच्या पोराला पाळण्यात कळतं.

मास्तरांनी हळूच पत्र्याचा डबा उघडला. एक बॉबिन उचलली, दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं आणि दोन्ही हातांनी झटका दिला. कट्.

सुती.

त्यांना सगळं आठवलं, आणि इतकं स्वच्छ आठवलं की त्यांनी डोळे मिटून घेतले. होडी सुटायच्या आदल्या दिवशीची दुपार. नायलॉनच्या बॉबिनी भरायला वेळ जात होता. डब्यात शाळेच्या गणवेशांच्या कामातल्या अर्ध्यामुर्ध्या बॉबिनी पडलेल्या. काळ्याच. उरलेला दोरा शिंपी टाकत नाही. जिथे कुणी पाहत नाही तिथे, अस्तराच्या आत, कमरपट्ट्याच्या खाली, तो संपवून टाकतो. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं, त्यांनीही आयुष्यभर तसंच केलं. सुती की नायलॉन हे बोटाला कळायला हवं होतं. घाईत बोट मुकं झालं. वरचा दोरा पाहून ते निश्चिंत राहिले.

आणि सात नंबर? सात नंबरच्या वरच्या कडीची तार वाकडी आली होती. ती काही केल्या मशीनच्या पावलाखाली जाईना. शेवटी शिव्या घालत त्यांनी ती बाही मांडीवर घेतली, दाभणात मेण लावलेला नायलॉनचा दोरा ओवला, आणि तेवढी शिवण हाताने घातली. हातशिलाईला वर-खाली असं काही नसतं. तोच दोरा खाली जातो, तोच वर येतो.

ओहोटीने दुसरा कपही संपवला होता. तो म्हणाला, मास्तर, तुमचा चेहरा का हो बुडालेल्या होडीसारखा? मास्तर म्हणाले, काही नाही, डोकं दुखतंय. बोया मी वर देतो. तो गेला. जाताना बिस्किटं घेऊन गेला.

*

दुपारी मास्तर जेवायला घरी गेले, बोया पिशवीत घालून. पण ताटावर बसून ते भाताचा डोंगर करत राहिले. मामींनी पाचेक मिनिटं पाहिलं आणि मग ताट पुढून उचललं. म्हणाल्या, आधी बोला, मग गिळा.

त्यांनी सांगितलं. मामींनी दोऱ्याचं टोक, पट्टी, भोकं सगळं बोटांनी चाचपून पाहिलं. मग त्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, ही गोष्ट अजून कुणाला ठाऊक आहे? कुणाला नाही, मास्तर म्हणाले. उरलेले दहा सापडतील? समुद्राला माहीत. मग झाकली मूठ, मामी म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच मान हलवली. ही मूठ झाकून तुम्ही जगाल असं मला वाटत नाही. रात्रभर कूस बदलाल आणि मलाही झोपू देणार नाही.

मास्तरांनी खरी अडचण तेव्हा बोलून दाखवली. स्वतःच्या नावाचं त्यांना वाईट वाटत होतं, नाही कशाला म्हणा. चाळीस वर्षांत त्यांची शिवण कुणी परत आणून दिली नव्हती. पण तेही परवडलं असतं. लोक आधीच म्हणतायत की तिने नात्यातल्या माणसाला काम दिलं. आता कळेल की त्याच माणसाने अकरा बोये निकामी केले. गुरुवारी ती बैठकीत काय तोंड दाखवेल? गप्प राहिलो तर तिचं मत खोटं ठरेल, पण ती तरी वाचेल. चुकलेला शास्त्रज्ञ पुन्हा उभा राहतो. हसं झालेला नाही राहत.

मामी ऐकून घेत होत्या. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तिचं काय होईल ते तिला विचारा ना. तिच्या वतीने तुम्ही का ठरवताय?"

मास्तर पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले.

"पोरगी लहान होती तेव्हा तिचे झगे तुम्ही तिला न विचारता मोठे शिवायचात, वाढत्या अंगाचे म्हणून," मामी म्हणाल्या. "चार चार वर्षं ती त्यात बुडालेली. आता तरी अंगाचं माप घ्या."

त्यांनी ताट परत पुढे ठेवलं. मास्तरांनी भाताचा डोंगर मोडला.

*

भाची एकटी असेल असं मास्तरांना वाटलं होतं. पण दार ढकललं तर आत बरोमीटरसाहेबही होते, अहवालाची पानं चाळत, उभ्या उभ्या. चेहरा ढगाळ. मास्तरांनी क्षणभर मागे फिरायचा विचार केला. मग पिशवीतून बोया काढून टेबलावर ठेवला, आणि वाकड्यातिकड्या वाक्यांची घरून करून आणलेली तयारी विसरून सरळ सांगून टाकलं.

"अकरा बाह्यांच्या वरच्या शिवणीत खालचा दोरा सुती आहे. माझ्या हाताने घातलेला. तो लाटांच्या हिसक्यांनी तुटला आणि बाह्या गळून पडल्या. एकटी सात नंबरची तेवढी धड आहे, ती मी हाताने शिवली होती."

साहेबांनी चष्मा लावून पट्टीची भोकं पाहिली, लोंबणारा दोरा ओढला. तो सगळाच्या सगळा त्यांच्या हातात आला. त्यांनी विचारलं, तुमची खात्री आहे? मास्तरांनी खिशातून बॉबिन काढली, दोऱ्याला झटका दिला, कट्. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

भाची मामाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मास्तरांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं, आणि ते प्रेम नव्हतं. "मामा," ती म्हणाली, "तीन वर्षं." एवढंच. मग ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मास्तरांना तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. त्यांनी तो ठेवला नाही. ते नुसते उभे राहिले, हातात सुती दोऱ्याचे दोन तुकडे घेऊन.

मग भाचीची मान हलली. ती भिंतीशी काहीतरी पुटपुटत होती. दुसरा दिवस, तिसरा दिवस. एकाएकी ती टेबलाशी आली, खुर्ची पायाने बाजूला सारली आणि उभ्यानेच यंत्रावर बोटं चालवायला लागली. पडद्यावर रेषांच्या जागी आकडे आले. प्रत्येक बोयाचा तासातासाचा वेग.

चार नंबर तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता एकदम सुसाट. त्याआधी संथ, त्यानंतर तिप्पट. नऊ नंबर त्याच दिवशी दुपारी. दोन नंबर संध्याकाळी. एकामागून एक, जशी एकेकाची शिवण सुटली तसतसा तो वाऱ्याच्या हाती गेला. तिने बंदरावरच्या वाऱ्याची नोंद शेजारी मांडली. सुटलेले सगळे बोये वाऱ्याच्या दिशेने, वाऱ्याच्या तालावर.

"हे प्रवाहाने नेलेले नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आणि त्याच्या आधीचं बघा, सर. बाही होती तोवरचं." तिने पहिले दोन दिवस तेवढे ठेवले आणि बाकी सगळं पुसलं. अकरा लांब रेषा नाहीशा झाल्या. पडद्यावर बारा छोट्या रेषा उरल्या, बाराही एका अंगाने वळलेल्या, ओट्याच्या दिशेने, जणू एका घेराच्या बारा चुण्या.

साहेब बराच वेळ वाकून पाहत राहिले. ढग होते तिथेच होते, पण त्यामागे कुठेतरी उजेड हलला असावा. ते म्हणाले, दोन दिवसांचा पुरावा म्हणजे अर्धा पुरावा. हा अहवाल मी पाठवू शकत नाही. याच्या उलटही पाठवू शकत नाही. गुरुवारी मी सांगेन की उपकरणांत दोष निघाला आणि पुन्हा मोजल्याशिवाय नळाचं तोंड ठरवू नका. दोष कुणाचा, हेही लिहावं लागेल. मास्तरांकडे वळून ते म्हणाले, तुमचं काम आजपासून थांबलं. नियम आहे.

मास्तर म्हणाले, बरोबर आहे साहेब. ते दारापर्यंत गेले. भाचीने मान वर केली नाही. ती आकडे उतरवून घेत होती.

*

गुरुवारच्या बैठकीत काय झालं ते मास्तरांना ओहोटीकडून कळलं, म्हणजे निम्मं त्याने पाहिलेलं आणि निम्मं त्याने रचलेलं. नगरपालिकेचे लोक चिडले. कुणीतरी शिंपी मामावरून विनोद केला, चारजण हसले. भाची हसणं संपेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, हो, माझा मामाच आहे. चूक त्यानेच केली आणि ती त्यानेच येऊन सांगितली. पुढचा मुद्दा. नळाचा निर्णय पुढच्या मोजणीपर्यंत लांबला.

घरी मात्र ती आली नाही. फोन नाही, निरोप नाही. मास्तर दुकान उघडून बसायचे, चेन बदलायचे, एकेक बॉबिन झटका देऊन तपासायचे आणि वेगवेगळ्या डब्यांत घालायचे. मामी म्हणायच्या, ताजी शिवण लगेच ओढू नये, बसू द्यावी. मास्तर हूं म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा गुणगुणतोय. दुसऱ्या ओळीवर ते थांबले. कुणा सय नाही. आईने पन्नास वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं, आणि पोराने त्याची नुसती चाल पाठ केली होती.

बोये सोडल्याच्या एकतिसाव्या दिवशी, भर दुपारी, दुकानासमोर हातगाडी उभी राहिली. पुढे ओहोटी, मागे भाची. गाडीवर ओलं, हिरवं, वास मारणारं काहीतरी. शेवाळ, शिंपल्या, एक जिवंत खेकडासुद्धा. त्यातून पांढरा बोया डोकावत होता. सात नंबर.

किनाऱ्यावर लागला होता तो. ओट्याच्या कडेवरून निघून, चार वेढे घेऊन, अख्खी समुद्रबूड जमीन ओलांडून, पोरं पोहायला जातात त्या वाळूवर येऊन थांबला होता. भाचीने हे सगळं एका दमात सांगितलं, मामाच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत. मामी आतून पाणी घेऊन आल्या. ओहोटीने ते घेतलं.

मग भाचीने मामाकडे पाहिलं. ती रोडावली होती. म्हणाली, "साहेबांनी विचारलंय, बारा बाह्या हाताने शिवायला किती दिवस लागतील?"

मास्तरांनी उत्तर द्यायच्या आधी शेवाळ बाजूला केलं, वरची कडी शोधली. महिनाभर मीठ खाल्लेली शिवण. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, वरून, मग हात उलटा करून खालून. दोन्हीकडे एकच दोरा.

"चाळीस," ते म्हणाले. "सुया तुझी मामी ओवील. पण माझी अट आहे."

"साहेबांची पण आहे," भाची म्हणाली. "प्रत्येक शिवण दुसऱ्या माणसाने ओढून बघायची. तो दुसरा माणूस मी."

"माझी तीच होती."

ती पहिल्यांदा हसली, अगदी थोडं, लगेच आवरून. मास्तरांनी बाहीचं वरचं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, उरलेलं ओलं कापड तिच्या हातात दिलं आणि दुकानाच्या उंबऱ्याला टाच टेकवून उभे राहिले.

"ओढ," ते म्हणाले. "लाज नको धरू. जेवढा राग आहे तेवढा ओढ."

भाचीने कापड दोन्ही मुठींत पिळलं, हातगाडीच्या चाकाला पाय लावला आणि मागे झुकली. कापडातून पाणी निथळलं. खेकडा निसटून रस्त्यावर पडला आणि तिरका तिरका पळत सुटला. ओहोटी त्याच्यामागे धावला. मामी दारात उभ्या होत्या, एक हात तोंडाशी.

भाची ओढतच राहिली.